पाच आण्यांचा बांध

"मग चूक कोणाची, मास्तर?"

दयानंद इंगवले हे तिसऱ्यांदा विचारत होता.

ओट्यावर नकाशा पसरला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या टोकांवर चष्म्याचं घर, पाण्याचा तांब्या आणि दोन खडे ठेवले होते. मुलाणी मास्तर नकाशाकडे बघत नव्हते. ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

मौला मुलाणी. वय एकोणऐंशी. छत्तीस वर्षं त्यांनी सरकारी मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या. नव्या पोरांना ते साखळी कशी धरायची ते शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या सहीचा नकाशा असला की कोर्टात वकीलसुद्धा पुढचा प्रश्न विचारत नसत.

दयानंद त्यांचा शेवटचा शिष्य. मास्तर निवृत्त व्हायच्या आधी दोन वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता. आता तो स्वतः तालुक्यातला सगळ्यात जुना भूकरमापक. उपग्रहावरून जागा सांगणारं नवं यंत्र जिल्ह्यात पहिल्यांदा त्याच्याच हातात आलं. आपली एकही मोजणी आजवर उलटली नाही, असं तो चारचौघांत सांगायचा.

आज मात्र त्याचा आवाज चढला होता.

"बोरखिंडी, मास्तर. गट नंबर एकशे अठरा. अलीकडे वाघमोडे, पलीकडे खरमाटे. मधला बांध चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही मोजलात. दगड तुम्ही घातलात. परवा मी यंत्र लावलं. दगड चुकीच्या जागी आहे."

"किती?"

"तीन मीटर चौदा."

मास्तरांनी डोळे मिटले. ओठ किंचित हलले.

"पाच आणे," ते म्हणाले.

जुनी साखळी तेहेतीस फुटांची असे. तिचे सोळा भाग. त्या भागांना आणे म्हणत. पाच आणे म्हणजे दहा फूट आणि वर चार बोटं.

 दयानंदनं आणे सांगितले नव्हते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी संध्याकाळपासून."

…

 नकाशाचं एक टोक खड्याखालून सुटून फडफडायला लागलं. दयानंदनं ते धरलं नाही.

"कसं झालं?"

"मोजणी मूळ दगडापासून सुरू करायची असते. तुला शिकवलंय मी. तिथला मूळ दगड तीन गावांच्या शिवेवर. तिथून वाघमोड्यांच्या रानापर्यंत दीड कोस. साखळी ओढत यायचं. एप्रिल महिना होता. मी जवळचा एक दगड धरला आणि तिथून मोजलं."

"आणि तो दगड सरकलेला होता."

"कधीतरी कोणाच्या तरी नांगरानं सरकला असेल. संध्याकाळी तंबूत आकृती काढायला बसलो. मिटेना. पाच आणे उघडे राहिले."

"मग?"

"रबर घेतला."

दयानंदनं मान वर केली.

"कोणी दबाव आणला होता?"

"नाही."

"खरमाट्यांनी काही दिलं होतं?"

"चहा. दोघांनीही दिला होता."

"घरी काही अडचण… कोणी आजारी…"

"नाही, दयानंद."

"मग का?"

"मी दमलो होतो."

दुसरं कुठलंही कारण असतं तर दयानंदला ते गिळता आलं असतं. लाच असती तर तो रागावला असता. दुःख असतं तर त्यानं माफ केलं असतं. या कारणाचं काय करायचं ते त्याला कळेना.

"दुसऱ्या दिवशी जाऊन नीट करता आलं असतं."

"आलं असतं. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव होतं. तिसऱ्या दिवशी तिसरं. मग कागदावर शिक्का बसला. शिक्का बसल्यावर ते मलाही खरं वाटायला लागलं."

"खरं वाटायला लागलं?" दयानंद उठून उभा राहिला. "त्या पाच आण्यांनी काय केलं माहीत आहे का तुम्हाला?"

"सांग."

"बिरू खरमाट्यानं तुमच्या कागदाच्या भरवशावर त्या पट्ट्यात विहीर पाडली. चाळीस फूट. हातानं. तायाप्पा वाघमोडे सांगत राहिला की माझं रान उताऱ्याइतकं भरत नाही, रान भरत नाही. गावानं त्याला हावरा ठरवलं. पोरीच्या सोयरिकीतसुद्धा लोक विचारायचे, तो बांध कोरणारा वाघमोडे का? एकोणीस वर्षांपूर्वी बांधावर भांडण झालं. तायाप्पाच्या भावानं, सिद्धूनं, बिरूच्या कमरेत खोऱ्याचा दांडा घातला. बिरू दोन वर्षं अंथरुणावर होता. मग गेला. सिद्धू सहा वर्षं तुरुंगात होता. सुटून आला तो घरात थांबला नाही. कुठे आहे कोणाला माहीत नाही."

"बिरूचं मला कळलं होतं," मास्तर म्हणाले. "मी तेव्हा निवृत्त झालो होतो. इथंच बसलो होतो. कोणीतरी रस्त्यावरून जाताना सांगितलं."

"आणि तुम्ही गप्प राहिलात."

"गप्प राहिलो."

"माझ्या गुरूनं…" दयानंद ओट्याच्या कडेपर्यंत जाऊन परत आला.

मास्तरांनी त्याला बसायची खूण केली. तो बसला नाही.

"एक विचारू?" मास्तर म्हणाले. "त्या भांडणाच्या आधी तायाप्पानं फेरमोजणीचा अर्ज केला होता. खात्यातून माणूस गेला होता. कोण गेलं होतं?"

…

दयानंद हळूच खाली बसला.

"मी," तो म्हणाला.

"कितवी मोजणी तुझी?"

"पहिली. एकट्यानं केलेली पहिली."

"मूळ दगडापर्यंत गेला होतास?"

"नाही."

"दमला होतास?"

"नाही. पंचवीस वर्षांचा होतो मी."

"मग?"

"कागदावर तुमची सही होती, मास्तर." दयानंदचा आवाज खाली आला होता. "तुमच्या दगडापासून मोजलं. बरोबर जुळलं. जुळणारच होतं. मी तायाप्पाला सगळ्यांसमोर म्हणालो, मुलाणी मास्तरांच्या मोजणीवर संशय घेतोस?"

"त्यानंतर किती दिवसांनी भांडण झालं?"

"तीन महिन्यांनी."

मास्तरांनी तांब्या उचलला. पाणी प्यायले. तांब्या उचलल्यावर नकाशा गुंडाळला गेला आणि ओट्यावर लोळत भिंतीला जाऊन टेकला.

"मी आळस केला," ते म्हणाले. "तू काय केलंस?"

"विश्वास ठेवला."

"तुझ्या पायांत माझ्यापेक्षा जोर होता, दयानंद."

तो मान खाली घालून बसला. सकाळी घरून निघताना त्यानं मनात वाक्यं जुळवली होती. मास्तरांना काय बोलायचं, कुठल्या शब्दात बोलायचं. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं.

मास्तर भिंतीला धरून उठले.

"गाडी आणली आहेस ना?"

"हो."

"चल."

"कुठे?"

"बोरखिंडीला."

"तुम्हाला झेपणार नाही. ऊन आहे."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. दयानंदनं पुढे काही न बोलता नकाशा उचलला.

गाडी घाट उतरल्यावर डाळिंबाच्या बागा सुरू झाल्या. झाडांवर जुन्या साड्या पांघरल्या होत्या, उन्हानं फळ चटकू नये म्हणून.

दयानंद म्हणाला, "अहवालात मी 'तांत्रिक त्रुटी' असं लिहितो. जुन्या साधनांमुळे झालेली तांत्रिक त्रुटी. कोणाचं नाव यायचं कारण नाही. सगळीकडे तसंच लिहितात."

मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"चूक दुरुस्त होण्याशी मतलब," दयानंद म्हणाला.

मास्तर तसेच बघत राहिले.

"पुढच्या महिन्यात बढतीची यादी लागायची आहे," दयानंद म्हणाला. हे तो कोणाला सांगत होता, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

बोरखिंडीत त्यांनी गाडी रस्त्याला लावली आणि रानात उतरले. मास्तर दहा पावलं चालायचे आणि थांबायचे. दयानंदनं हात पुढे केला. त्यांनी तो धरला.

बांधावर दोघं आधीच उभी होती. दयानंदनं गाडीतून फोन केला होता.

बांधाच्या अलीकडे तायाप्पा वाघमोडे. पासष्टीचा, वाळलेला माणूस. पलीकडे बिरूची बायको केराबाई खरमाटे. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेली. दोघांची तोंडं दोन दिशांना. मधे दगड. दगडाच्या पलीकडे एका पावलावर अरुंद विहीर. विहिरीवर पंप चालू होता.

"पंप बंद करा जरा," दयानंद म्हणाला.

"का?" केराबाई म्हणाली. "बोला की. ऐकू येतंय."

दयानंद घसा साफ करून सरकारी आवाजात सुरू झाला. "परवा झालेल्या मोजणीनुसार असं निदर्शनास आलं आहे की…"

मास्तरांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"केराबाई," ते म्हणाले, "मला ओळखलं का?"

ती बघत राहिली.

"मोजणीवाले चाचा," ती म्हणाली. "मी नवी नवरी होते. तुमाला चहा मीच आणून दिला होता हितं."

"होय. हा दगड मी घातला. चुकीच्या जागी घातला. पाच आणे तुमच्या बाजूला जास्त आले. ते तायाप्पाचे आहेत."

पंपाचा आवाज येत होता.

"विहीर?" केराबाईनं विचारलं.

"विहीरही."

ती जागची हलली नाही. मग विहिरीपाशी गेली, पंप बंद केला आणि परत आली.

"आता पुन्यांदा सांगा."

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. तेच शब्द. नंतर पुढचंही सांगितलं. जवळचा दगड धरला. संध्याकाळी चूक कळली. कागदावर खोडून जुळवली. परत आलो नाही. गप्प बसलो.

"म्हंजे माझा नवरा दुसऱ्याच्या जमिनीसाठी मेला," केराबाई म्हणाली. "चोर म्हणून मेला."

"नाही, बाई. त्याच्याकडे कागद होता. चोरी माझी."

"तुमची व्हय…" ती त्या शब्दाला घुटमळली. "चाचा, एक विचारते. येवढी वर्सं तुमाला झोप लागायची?"

दयानंदनं मास्तरांकडे पाहिलं.

 मास्तरांनी नजर खाली घातली नाही.

"लागायची," ते म्हणाले.

केराबाईनं मान हलवली. जणू तिला एवढंच हवं होतं की या माणसानं आता तरी खोटं बोलू नये.

 तायाप्पा खाली बसला. बांधावरच, मातीत. डोक्यावरचा पटका काढून त्यानं मांडीवर ठेवला.

"साहेब," तो दयानंदला म्हणाला, "तुमी आला होता तवा मी काय म्हणालो होतो?"

"रान भरत नाही म्हणालास."

"आनि तुमी?"

दयानंदनं दगडाकडे पाहिलं.

"तुमी म्हणाला, मुलाणी मास्तरावर संशय घेतो का. सारं गाव हितं उभं होतं. सारं हासलं. सिद्धू माझ्या बाजूला उभा होता. बारका होता माझ्यापेक्षा. त्याला ते हासणं लई लागलं. मला म्हणाला, दादा, कागद आपलं ऐकत न्हाई. त्याच्या डोक्यातनं ते गेलंच न्हाई बगा."

तो पटक्याची घडी घालत राहिला. घातली, मोडली, परत घातली.

दयानंदनं पिशवीतून कागद काढले. दोन्ही बाजूंचे जबाब लिहायचे होते. जुन्या मोजणीचं काय झालं, तेही लिहायचं होतं. तो बांधावर बसून मांडीवर पॅड ठेवून लिहायला लागला. मास्तर शेजारी उभे राहून वाचत होते.

"हे काय लिहिलंस?"

"तांत्रिक त्रुटी…"

"खोड."

"मास्तर, तुमच्यावर खटला होऊ शकतो. या वयात."

"त्रुटी इथं आली नव्हती. मी आलो होतो. खोड."

दयानंदनं खोडलं. मास्तरांनी पेन मागून घेतला. पॅड मांडीवर घेऊन त्यांनी स्वतः लिहिलं. अक्षर अजून तसंच होतं, सुटं आणि सरळ. सदर मोजणी मी केली. मूळ दगडापासून केली नाही. त्याच दिवशी चूक समजली. ती मी जाणूनबुजून कागदावर जुळवली. मौलासाहेब हुसेन मुलाणी.

सही केली. तारीख घातली.

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं नाही. पेन तसाच उघडा, शाई असलेलं टोक स्वतःकडे करून, दयानंदसमोर धरला.

…

दयानंद पेनाकडे बघत राहिला.

त्याला यादी आठवली. साहेबांनी स्वतः सांगितलं होतं, इंगवले, तुमचं नाव पहिलं आहे. त्याला बायकोनं बघून ठेवलेलं जिल्ह्याच्या गावातलं घर आठवलं. वीस वर्षांपूर्वीचा तो दिवसही आठवला. नवी चप्पल होती. शिवेवर जायचं तर मधे ओढा होता आणि ओढ्यात चिखल होता. हे मात्र त्यानं मास्तरांना सांगितलं नव्हतं. विश्वास होता, एवढंच सांगितलं होतं.

तायाप्पा बघत होता. केराबाई बघत होती.

  मास्तरांनी हात मागे घेतला नाही.

दयानंदनं पेन घेतला.

त्यानं खाली लिहिलं. दुसरी मोजणी मी केली. मूळ दगड पाहिला नाही. अर्जदार खरं सांगत असताना त्याला सर्वांसमोर खोटं ठरवलं. दयानंद शंकर इंगवले.

लिहून झाल्यावर त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. कायद्यानं दोघांनाही वाचून दाखवावं लागतं. पण तायाप्पानं ते पुन्हा वाचायला सांगितलं. दयानंदनं पुन्हा वाचलं. 'अर्जदार खरं सांगत असताना' या शब्दांशी तायाप्पानं हात वर करून त्याला थांबवलं.

"हितपर्यंतच," तो म्हणाला. "हितपर्यंत अजून एकदा वाचा."

दयानंदनं वाचलं.

तायाप्पानं पटका डोळ्यांना लावला. मोठा माणूस, पण रडण्याचा आवाज लहान मुलासारखा आला. केराबाईनं तोंड दुसरीकडे केलं.

मग यंत्र लावून खरी जागा काढायची होती. दयानंदनं ती काढली. खुंटी ठोकली. खुंटी विहिरीच्या पलीकडच्या काठाशी पडली, डाळिंबाच्या पहिल्या ओळीलगत.

आता जुना दगड काढायचा होता. तो मांडीएवढा खोल रोवलेला होता. तायाप्पानं हात लावून पाहिला, हलला नाही. दयानंद मदतीला वाकला, तेवढ्यात केराबाई म्हणाली, "थांबा."

ती वस्तीवर गेली आणि पहार घेऊन आली.

"ह्यो बसवायला चाचांबरोबर आमच्या मालकानं खड्डा घेतला होता," ती म्हणाली. "मीच काढते."

कोणी तिला अडवलं नाही. तिनं पहार दगडाच्या बुडाशी घातली आणि अंगाचा भार दिला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तायाप्पा उठला आणि त्यानं दुसऱ्या बाजूनं दगडाला खांदा लावला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. दगड कुरकुरला, कलला आणि आडवा झाला. खालची माती ओली होती. तिथून दोन गांडुळं निघाली आणि उन्हाला घाबरून परत आत गेली.

नवा दगड रोवून झाला तेव्हा दुपार कलली होती.

केराबाई विहिरीकडे वळली. पंपाची तार सोडवायला वाकली.

"राहू द्या," तायाप्पा म्हणाला.

"कशाला? तुमची हाय ना आता."

"डाळिंब उतरूस्तवर राहू द्या."

"मला उपकार नकोत."

"उपकार न्हाईत." तायाप्पानं कपाळ पुसलं. "मला आज काय काढायचं बघवत न्हाई, वैनी. दमलो मी."

वैनी म्हणून त्यानं तिला किती वर्षांत हाक मारली नव्हती, ते दोघांनाही ठाऊक होतं. तिनं तार हातात धरून ठेवली. मग सोडली. पण पंप पुन्हा चालू केला नाही. पाण्याकडे न बघता ती वस्तीकडे चालायला लागली. पंधरा-वीस पावलांवर थांबली.

"चाचा," ती मागे न वळता म्हणाली, "माफ केलं असं मी म्हणणार न्हाई."

"नका म्हणू," मास्तर म्हणाले.

ती गेली.

तायाप्पा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आला. गाडीशी त्यानं दयानंदला विचारलं, "त्यो लिवलेला कागद… त्याची एक प्रत मला मिळंल का? सिद्धू कुठं असंल त्याचा पत्ता न्हाई. पर कवा आला तर दाखवायला."

"मिळेल," दयानंद म्हणाला. "मी स्वतः आणून देतो."

"मूळ कागदागत शिक्का मारून द्या," तायाप्पा म्हणाला. "शिक्का असला की मानसं मानतात."

परतीच्या वाटेवर मास्तर झोपले. मान खिडकीला टेकली होती, तोंड किंचित उघडं. दयानंदनं गाडी हळू चालवली. घाटात एका वळणावर त्याला वाटलं, गाडी थांबवावी आणि तो अहवालाचा कागद फाडावा. कोणाला कळलंही नसतं. तायाप्पाला प्रतीसाठी फिरवत ठेवता आलं असतं, महिनाभर, वर्षभर. तेवढ्यात यादी लागली असती.

त्यानं गाडी थांबवली नाही. तालुक्याच्या गावात शिरल्यावर कचेरी बंद व्हायला अर्धा तास होता. मास्तरांना गाडीतच झोपलेलं ठेवून तो आत गेला आणि कागद आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत, दाखल करून आला. कारकुनानं वाचलं. डोळे वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"इंगवले, हे दाखल करायचंय? नक्की?"

"नंबर टाका."

कारकुनानं नंबर टाकला.

यादीत दयानंदचं नाव लागलं नाही. पुढं त्याची चौकशी झाली. मास्तरांचाही जबाब दोनदा घेतला गेला. पण ते सगळं नंतर. त्या दिवशी तो फक्त परत गाडीत येऊन बसला, आणि त्याला हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं तसं काही वाटलं नाही. पाय दुखत होते. भूक लागली होती.

मास्तरांना त्यानं घरी आणलं. हात धरून ओटा चढवला, आत खाटेवर बसवलं. त्यांच्या पायांना रानातली माती लागली होती. दयानंदनं बादलीतून पाणी आणून ते धुतले. मास्तर नको म्हणाले नाहीत. तेवढी ताकद त्यांच्यात राहिली नव्हती.

"मास्तर," दयानंद पाय पुसत म्हणाला, "मी तुम्हाला पूर्ण खरं सांगितलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वीचं. ओढ्यात चिखल होता. माझी चप्पल नवी होती."

मास्तर थोडे हसले. थकलेलं हसू.

"चांगली होती का?"

"कोल्हापुरी होती."

"हं."

दयानंद त्यांच्या पायांशी बसून राहिला. बाहेर वारा सुटला होता. रस्त्यावरची धूळ उडून उंबऱ्यातून आत येत होती.

"मास्तर…" तो म्हणाला. "छत्तीस वर्षं. शेकडो गावं." त्यानं बादली बाजूला सारली. "अशी आणखी एखादी…?"

…

मास्तरांनी पाय वर घेतले. उशी सरळ केली. भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

दयानंदनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तो उठला. धूळ फार येत होती, म्हणून बाहेर पडताना दार ओढून घ्यायला लागला.

"उघडं राहू दे," मास्तर आतून म्हणाले. "लोक यायचे आहेत अजून."